अडलेली नदी, आजारी मासा
क्लॅमथ नदीतल्या सॅल्मनचे आकडे काय सांगतात?

एकाच नदीचे पाच आकडे आधी मांडतो.

• ३४,००० : सप्टेंबर २००२ मध्ये मुखाकडच्या पट्ट्यात मेलेले मासे, तेही किमान.
• ८१ आणि ९१ टक्के : २०१४ आणि २०१५ मध्ये तपासलेल्या चिनूक सॅल्मनच्या पिलांत आढळलेली एका परजीवीची लागण.
• ९७ टक्के : मे २०२१ मध्ये नदीच्या एका भागात पकडलेल्या पिलांतली तीच लागण.
• ४ : २०२३ आणि २०२४ मध्ये पाडलेली धरणे.
• ६,००० हून अधिक : ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या काळात सर्वांत खालच्या धरणाची जागा ओलांडून वर गेलेले मासे.

नदी क्लॅमथ. ती अमेरिकेच्या ओरेगन राज्यात उगम पावते आणि कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला पॅसिफिक महासागराला मिळते. पहिला आकडा रोगाच्या साथीचा, दुसरा आणि तिसरा परजीवीचा, चौथा बांधकाम खात्याचा आणि पाचवा मासे मोजणाऱ्यांचा, असे वरवर वाटेल. सरकारी कामकाजात हे विषय खरोखरच वेगवेगळ्या टेबलांवर असतात. माशांचे आजार एक विभाग बघतो, त्यांच्या स्थलांतराची नोंद दुसरा ठेवतो आणि पाणी सोडायचे की अडवायचे हे तिसरा ठरवतो. क्लॅमथवर गेल्या पंचवीस वर्षांत झालेले संशोधन सांगते की हा सगळा एकच हिशेब आहे. चढणीच्या माशाची तब्येत त्याच्या वाटेपासून तोडून मोजता येत नाही. वाट अडली की मासे एका जागी दाटतात, मासे दाटले की रोग साचतो आणि साचलेला रोग पुढच्या पिढीच्या वाट्याला येतो.

नदी आणि चार भिंती

क्लॅमथची लांबी सुमारे ४१४ किलोमीटर आणि खोरे ४०,००० चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे. आकाराने ही काही अवाढव्य नदी नव्हे. पण कॅनडाच्या सीमेपासून दक्षिणेकडे पॅसिफिक किनाऱ्यावर जितक्या नद्या आहेत, त्यांत सॅल्मनच्या संख्येत तिचा क्रमांक एके काळी तिसरा होता. कोलंबिया आणि सॅक्रामेंटो एवढ्या दोनच तिच्या पुढे होत्या. धरणांपूर्वी दरवर्षी साडेसहा लाख ते दहा लाख सॅल्मन या नदीत परतत असावेत, असा अंदाज आहे. युरोक, कारुक, हूपा आणि क्लॅमथ या आदिवासी समाजांचे अन्न, सण आणि व्यवहार या माशावर उभे होते.

सॅल्मनचा जीवनक्रम ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे आकडे उलगडत नाहीत. गोड्या पाण्यात, नदीच्या खडीत अंडी फुटतात. पिले काही महिने नदीत काढून वसंतात समुद्राकडे निघतात. समुद्रात दोन-तीन वर्षे वाढून ती जन्माच्या नदीत परततात, अंडी घालतात आणि मरतात. चिनूक सॅल्मन आयुष्यात एकदाच प्रजनन करतो. परतीच्या प्रवासात तो जवळजवळ काही खात नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर शेकडो किलोमीटर चढतो.

या वाटेवर १९१८ मध्ये कोप्को-१, १९२५ मध्ये कोप्को-२, १९५८ मध्ये जे. सी. बॉईल आणि १९६०च्या दशकात आयर्न गेट अशी चार जलविद्युत धरणे उभी राहिली. पहिल्या धरणाच्या बांधकामानेच १९१२च्या सुमारास वरची वाट बंद झाली होती. सर्वांत खालचे आयर्न गेट समुद्रापासून सुमारे ३०५ किलोमीटरवर, उंची ५३ मीटर. मासे वर चढावेत म्हणून पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट बांधतात, ती त्याला नव्हती. त्याच्या वरच्या अंगाला मुख्य नदी आणि उपनद्या मिळून ६४० किलोमीटरांहून अधिक लांबीचे प्रवाह होते. ते सगळे सॅल्मनला बंद झाले.

बदल्यात काय मिळाले? चारही धरणांची मिळून वीजक्षमता सुमारे १६३ मेगावॅट. वीज कंपनीच्या एकूण निर्मितीत हा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता. या चार धरणांतून शेतीला पाणी जात नव्हते. सिंचनाची व्यवस्था नदीच्या वरच्या अंगाला, अप्पर क्लॅमथ तलावाच्या बाजूला आहे.

२००२ : गर्दी, ऊन आणि कल्ले

२००१च्या दुष्काळात माशांसाठी पाणी राखायचे म्हणून वरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे पाणी तोडले गेले. शेते सुकली, लोक रस्त्यावर उतरले. २००२ मध्ये शेतीला पाणी मिळाले आणि नदीतला प्रवाह उतरला. त्याच वर्षी समुद्रातून परतलेले चिनूक बऱ्यापैकी संख्येने होते, सुमारे १,७०,०००. मासे भरपूर, पाणी थोडे आणि तेही कोमट. वर चढायला पुरेसा प्रवाह नसल्याने मासे खालच्या डोहांतच थबकले.

त्यांना मारले दोन रोगजंतूंनी. पहिला, इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना आपल्याकडेही तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणून चांगला माहीत आहे. तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरून वाढतो, मग गळून तळाशी जातो आणि तिथे फुटून त्याची शेकडो पिले होतात. या पिलांना दोन-चार दिवसांत नवा मासा सापडला नाही तर ती मरतात. मोकळ्या वाहत्या नदीत बहुतेकांना मासा सापडत नाही. डोहात मासे अंगाला अंग लावून उभे असले, तर जवळजवळ प्रत्येकाला सापडतो. शिवाय पाणी थंड असेल तर या परजीवीचा एक फेरा पुरा व्हायला कित्येक आठवडे लागतात. कोमट पाण्यात आठवडाभर पुरतो. यात्रेच्या गर्दीत पटकी पसरावी, तसा तो पसरला. दुसरा जंतू फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरी. हा जिवाणू आधीच जखमी झालेले कल्ले कुजवतो. कल्ले गेले की मासा पाण्यातच गुदमरतो.

मेलेले मासे मुखापासून वर सुमारे ५८ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरले होते. ३४,००० हा आकडा दिसलेल्या आणि मोजता आलेल्या माशांवरून काढलेला आहे. जे तळाशी बुडाले, जे समुद्राकडे वाहून गेले, ते त्यात नाहीत. म्हणूनच राज्याच्या मत्स्य विभागाने तो जपून केलेला अंदाज मानला आणि खरी संख्या याहून बरीच मोठी असू शकते असे नोंदवले.

हे दोन्ही रोगजंतू नदीत कायम असतात. त्या वर्षी कुणी नवा रोग आणून सोडला नव्हता. बदलल्या होत्या तीन गोष्टी : प्रवाह, तापमान आणि माशांची दाटी. साथीचे कारण शोधणाऱ्यांना सूक्ष्मदर्शकातून नजर काढून नदीच्या विसर्गाच्या तक्त्याकडे वळावे लागले.

किडा, बीजाणू आणि पिले

२००२ची साथ सगळ्यांना दिसली, कारण हातभर लांबीचे मासे काठाला लागले होते. त्याहून मोठे नुकसान डोळ्यांआड होत होते. बोटभर पिले वसंतात समुद्राकडे निघत आणि वाटेत नाहीशी होत. एवढे छोटे प्रेत काठाला लागत नाही. पक्षी, मोठे मासे आणि प्रवाह त्याचा माग पुसून टाकतात.

या मृत्यूंमागे सेराटोनोव्हा शास्टा हा परजीवी होता. तो प्राणिसृष्टीत जेलीफिशच्या नात्यातला, पण इतका सूक्ष्म की एका बीजाणूत मोजक्या पेशी. जगायला त्याला दोन यजमान लागतात. एक सॅल्मन कुळातला मासा आणि दुसरा गोड्या पाण्यातला काही मिलिमीटर लांबीचा किडा, मानायुंकिया. हा किडा तळाच्या गाळात, शेवाळात आणि दगडांवर बारीक नळी बांधून राहतो. या परजीवीला दुसरा यजमान लागतो आणि तो हाच किडा आहे, हे ओरेगन राज्य विद्यापीठाच्या जेरी बार्थोलोम्यू आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले.

फेरा असा चालतो. शरदात अंडी घालून मोठे सॅल्मन मरतात. लागण झालेल्या एका प्रेतातून लाखो बीजाणू पाण्यात पडू शकतात. ते किड्यांच्या पोटात जातात. हिवाळ्यात किड्याच्या अंगात परजीवी दुसरे रूप घेतो आणि वसंतात, पाणी कोमट होऊ लागले की, दुसऱ्या प्रकारचे बीजाणू बाहेर टाकतो. नेमक्या त्याच दिवसांत पिले समुद्राकडे निघालेली असतात. बीजाणू पिलाच्या कल्ल्याला चिकटतो, रक्तातून आतड्यात पोहोचतो आणि आतड्याचे अस्तर सडवतो.

आता या फेऱ्यात धरण कुठे बसते ते पाहू. आयर्न गेटला वाट संपते. वर जाऊ न शकणारे मासे त्याच्या खालच्या टप्प्यात एकवटतात. तिथेच मत्स्यबीज केंद्र, तिथेच अंडी घालणे आणि तिथेच मरणे. जी प्रेते शेकडो किलोमीटरच्या प्रवाहांत विखुरली असती, ती मोजक्या अंतरात पडतात. धरणामुळे हिवाळी पूर बोथट होतात. पूर तळाची खडी उलटीपालटी करतो आणि किड्यांच्या वसाहती खरवडून नेतो; तो आला नाही की किड्यांना बारमाही घर मिळते. खडी-वाळू जलाशयात अडकल्याने खालचा तळ हलेनासा होतो. म्हणजे किडा, प्रेत आणि पिलू या तिघांची गाठ घालून देण्याचे काम एका भिंतीने केले. परजीवी या नदीत पूर्वापार होता. त्याला एवढी मोठी मेजवानी धरणाने वाढली.

लिटरभर पाण्यात दहा बीजाणू

ही साखळी तर्क म्हणून मांडणे सोपे होते. ती मोजायची कशी, यावर ओरेगन राज्य विद्यापीठाच्या गटाने घेतलेले कष्ट मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. नदीच्या २१२ किलोमीटर लांबीत त्यांनी ठिकठिकाणी जाळीचे पिंजरे सोडले. त्यांत प्रयोगशाळेत वाढवलेली, परजीवीचा स्पर्श न झालेली चिनूक आणि कोहो सॅल्मनची पिले ठेवली. सुमारे तीन दिवस नदीचे पाणी त्यांच्या कल्ल्यांतून जाऊ दिले. मग पिले उचलून स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत आणली आणि किती मरतात, किती दिवसांनी मरतात, हे नोंदवत राहिले. पिंजरे सोडले त्याच वेळी तिथले पाणी बाटल्यांत भरून गाळले आणि त्यातल्या परजीवीच्या डीएनएवरून लिटरमागे बीजाणू मोजले. हे काम पाच वर्षे चालले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष नेमका होता. लिटरभर पाण्यात चिनूकला मारक असणाऱ्या प्रकाराचे १० बीजाणू असले की ४० टक्के चिनूक पिले मरतात. कोहोची सहनशक्ती निम्मी : त्यांच्या प्रकाराचे लिटरमागे ५ बीजाणू पुरतात. या मोजणीचे मोल मोठे आहे. मासे मरून पडायची वाट न पाहता, पाण्याची बाटली तपासून धोका किती जवळ आला आहे ते आधी सांगता येऊ लागले.

टक्केवारी कशाची?

८१, ९१ आणि ९७ हे आकडे वाचताना दोन प्रश्न विचारायला हवेत : शंभर कुणाचे आणि लागण म्हणजे काय?

८१ आणि ९१ टक्के हे त्या-त्या हंगामात पकडून तपासलेल्या चिनूक पिलांचे प्रमाण. ९७ टक्के हे युरोक समाजाच्या मत्स्य विभागाने मे २०२१ मध्ये, शास्टा आणि स्कॉट या दोन उपनद्यांच्या संगमांदरम्यान लावलेल्या सापळ्यातल्या पिलांचे. पूर्ण नदीतली ९७ टक्के पिले आजारी होती, असा त्याचा अर्थ नाही. दुसरे, लागण म्हणजे मृत्यू नव्हे. अंगात थोडा परजीवी घेऊन काही पिले तग धरतात. थंड पाण्यात जास्त, कोमट पाण्यात कमी. उलट बाजूही ध्यानात घ्यायला हवी. सापळ्याच्या वरच मेलेले पिलू सापळ्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे नमुन्यातून सर्वांत आजारी पिले आधीच गळालेली असतात. एका दिशेने आकडा फुगतो, दुसऱ्या दिशेने दबतो. म्हणून एका वर्षाच्या एका आकड्यावर भिस्त न ठेवता त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे केलेल्या मोजणीलाच किंमत असते.

तशी मोजणी असल्यामुळेच हा आकडा न्यायालयात टिकला. संकटग्रस्त कोहो सॅल्मनच्या रक्षणासाठी केंद्रीय यंत्रणांनी लागणीची जी मर्यादा स्वीकारली होती, ती ४९ टक्क्यांची होती. २०१४ आणि २०१५च्या आकड्यांनी ती पार ओलांडली. हूपा आणि युरोक समाज न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने हिवाळ्यात आणि वसंतात धरणातून मोठा लोंढा सोडून किड्यांच्या वसाहती धुऊन काढण्याचा आदेश दिला. पण लोंढ्याला पाणी लागते आणि पाणी कमी पडते ते दुष्काळात. २०२१चा दुष्काळ तीव्र होता, लोंढा सोडता आला नाही आणि ९७ टक्क्यांचा आकडा समोर आला.

एका मादीचे गणित

मासा हजारो अंडी घालतो, मग पिले मेली तर एवढे काय बिघडले, असे कुणालाही वाटेल. उदाहरणादाखल हिशेब मांडू. चिनूकची एक मादी ४,००० अंडी घालते असे धरू. संख्या टिकवायची तर त्यांतून दोन मासे, एक नर आणि एक मादी, परत यायला हवेत. म्हणजे दोन हजारांत एक. समजा बऱ्या वर्षांत तीन परत येतात. संख्या हळूहळू वाढते. आता समुद्राकडे निघालेली निम्मी पिले रोगाने मेली आणि बाकी सगळे तसेच राहिले, तर तिनाचे दीड होतात. वाढणारी पिढी एका फेऱ्यात घटणारी होते. अशी दोन वर्षे लागोपाठ आली, तर घसरण ठळक दिसते.

क्लॅमथवर ती दिसली. २०१४ आणि २०१५ मध्ये समुद्राकडे निघालेल्या पिलांतून मोठे झालेले मासे २०१६ ते २०१८ या काळात परतायचे होते. समुद्रही त्या वर्षांत नेहमीपेक्षा उष्ण होता, त्याची भर पडली. २०१७च्या शरदातल्या परतीचा हंगामपूर्व अंदाज इतका खाली आला की युरोक समाजाच्या वाट्याला ६५० मासे ठरले. समाजाची लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास. म्हणजे दहा माणसांमागे एक मासा. समाजाने त्या वर्षी व्यापारी मासेमारी बंदच ठेवली. ज्यांच्या घरी हिवाळ्याची बेगमी धुरावलेल्या सॅल्मनची असते, त्यांच्यासाठी ९१ टक्के हा आकडा दोन-तीन वर्षांनी रिकाम्या फळ्यांच्या रूपात घरात आला.

भिंती उतरल्या

धरणांचे परवाने नव्याने घ्यायचे तर त्यांवर माशांच्या वाटा बांधणे भाग होते. तो खर्च धरणे पाडण्यापेक्षा जास्त येईल, असा हिशेब निघाला. आदिवासी समाजांनी वीस वर्षे लावून धरलेल्या मागणीला अर्थकारणाची जोड मिळाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने मंजुरी दिली. खर्चाची तरतूद सुमारे ४५ कोटी डॉलर. त्यांतले २० कोटी वीजग्राहकांकडून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून.

२०२३ मध्ये कोप्को-२ गेले. जानेवारी २०२४ पासून उरलेल्या तीन जलाशयांचे पाणी उतरवले. ऑगस्टच्या अखेरीस नदी आपल्या जुन्या पात्रातून वाहू लागली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काम पुरे झाले. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी समुद्रापासून सुमारे ३७० किलोमीटरवर, चारही धरणांच्या वर, ओरेगनमधल्या एका उपनदीत चिनूक सॅल्मन दिसला. १९१२ नंतर प्रथमच. कुणी तो टाकीत भरून नेला नव्हता. तो स्वतः चढून गेला होता.

गढूळ पाण्यात मासे मोजायचे काम सोनार यंत्र करते. ध्वनिलहरींच्या परतीवरून पडद्यावर माशाची आकृती उमटते, लांबी मोजता येते, दिशा कळते. जाती ओळखण्यासाठी काही मासे जाळ्याने पकडून पडताळणी करतात. आयर्न गेटच्या जागी बसवलेल्या यंत्राने पहिल्याच हंगामात सहा हजारांहून अधिक मासे वर जाताना टिपले. २०२५च्या शरदात चिनूक त्याहून वर, अप्पर क्लॅमथ तलावात आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांत पोहोचल्याची नोंद झाली.

रोगाच्या दृष्टीने या सहा हजारांचा अर्थ वेगळा आहे. वर गेलेला प्रत्येक मासा खालच्या दाटीतून वजा झालेला मासा आहे; त्याचे प्रेत आता किड्यांच्या जुन्या वसाहतीवर पडणार नाही. तापमानाचेही तसेच. मोठे जलाशय उशिरा तापतात आणि उशिरा थंडावतात. त्यामुळे धरणाखालच्या नदीचे ऋतुमान सुमारे १८ दिवस मागे पडत असे, असा संशोधकांचा हिशेब होता. शरदात अंडी घालायला आलेल्या माशाला ते १८ दिवस जास्तीच्या कोमट पाण्यात काढावे लागत. जलाशय गेल्यावर ती दिरंगाईही गेली.

वाट मोकळी झाली म्हणजे सगळे झाले का?

नाही, आणि हे सांगणारे आकडेही याच नदीत आहेत. फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस, आयर्न गेटच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या एका मत्स्यबीज केंद्रातून सुमारे ८,३०,००० चिनूक पिले सोडली. पाणी उतरवण्यासाठी उघडलेल्या आयर्न गेटच्या बोगद्यातून जाताना दाबातल्या बदलाने त्यांच्या रक्तात वायूचे बुडबुडे झाले आणि फार मोठ्या संख्येने पिले मेली. नदीच्या पाण्यात दोष नव्हता. अजून न पाडलेल्या धरणाच्या बोगद्यातून पिले नेण्याचा निर्णय चुकला. पुढच्या खेपा धरणांच्या खालच्या अंगाला सोडल्या गेल्या.

दुसरा इशारा जास्त खोल आहे. अप्पर क्लॅमथ तलावात सकर कुळातले दोन मासे राहतात. क्लॅमथ समाज त्यांना पवित्र मानतो. १९८८ पासून ते संकटग्रस्त यादीत आहेत. त्यांतला एक पन्नास वर्षांहून जास्त जगतो. तलावात त्यांची पिले दरवर्षी जन्मतात, पण शेवाळाचे तवंग, प्राणवायूची घट आणि बिघडलेले पाणी यांत बहुतेक सगळी मोठी होण्याआधीच मरतात. आज उरलेले मासे मुख्यतः १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला किंवा त्याआधी जन्मलेले, म्हणजे म्हातारे आहेत. सॅल्मनची पिले आता याच तलावातून खाली येणार. तलावाच्या खालची दोन धरणे अजून उभीच आहेत. त्यांवरून शिडीने जाता येते, पण ती दोन्ही नव्याने अडचणीची ठरू शकतात. वाट मोकळी होणे ही तब्येतीची पहिली अट आहे. पाण्याची गुणवत्ता ही दुसरी, आणि तिला पर्याय नाही.

आपल्या नद्यांकडे पाहताना

क्लॅमथ एकटी नाही. जगभरातल्या स्थलांतर करणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांवरचा २०२४चा अहवाल २८४ जातींच्या १,८६४ समूहांची आकडेवारी तपासतो आणि १९७० ते २०२० या काळात सरासरी ८१ टक्के घट दाखवतो. हाही आकडा जपून वाचायचा : एकूण माशांपैकी ८१ टक्के मासे नाहीसे झाले असे तो म्हणत नाही. तपासलेल्या समूहांच्या आकारात सरासरी एवढी घट झाली, असे तो म्हणतो. तरीही दिशा स्पष्ट आहे आणि अहवाल सांगतो त्या मुख्य कारणांत अधिवासाचा नाश आणि अडवलेल्या नद्या आहेत.

भारतात हीच गोष्ट हिल्साची. गंगेतून हा मासा एके काळी अलाहाबादच्याही वर चढत असे. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेतली त्याची आवक कोसळली. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने गेल्या काही वर्षांत फरक्क्याच्या वर हिल्सा सोडून, त्यांना खुणेच्या पट्ट्या लावून, ते कुठवर जातात हे पाहायला सुरुवात केली आहे. महाराष्ट्रात तर मोठ्या धरणांची संख्या देशात सर्वांत जास्त आहे. रायगड-ठाण्याकडे वलगणीचे मासे आणि दक्षिण कोकणात चढणीचे मासे पहिल्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांकडे निघतात, हे गावोगावच्या माणसाला ठाऊक आहे. आपल्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर धरणांतल्या पाणीसाठ्याची टक्केवारी रोज छापून येते. त्या टक्केवारीइतकीच नियमित नोंद नदीत चढणाऱ्या माशांची व्हावी, ही मागणी अवाजवी नाही.

क्लॅमथवरचा निर्णय योग्य होता की नाही, हे पुढची वीस वर्षे ठरवतील. सॅल्मनची एक पिढी फिरायला तीन-चार वर्षे लागतात; एका चांगल्या हंगामावरून निकाल देता येत नाही आणि एका वाईट हंगामावरूनही नाही. पण तो निकाल देता येईल, हीच मोठी गोष्ट आहे. धरणे उभी असतानाच विद्यापीठाने पिंजरे सोडले, आदिवासी समाजांच्या मत्स्य विभागांनी सापळे लावले, पाण्याच्या बाटल्या गाळल्या आणि हे सगळे वर्षानुवर्षे, त्याच जागी केले. म्हणून आज 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना शक्य आहे. नदीवर काही बांधण्याचा, उंची वाढवण्याचा किंवा पाडण्याचा प्रस्ताव कुठेही येवो, त्यासोबत तीन आकडे मागितले पाहिजेत : किती मासे चढतात, कुठवर चढतात आणि त्यांतले किती आजारी आहेत. हे तीन रकाने एकाच तक्त्यात हवेत आणि तो तक्ता काम सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून भरायला घेतलेला हवा. त्याशिवाय नदीबद्दल घेतलेला कोणताही निर्णय अंधारात घेतलेला निर्णय आहे.